प्रश्न चौदावा

हजिऱ्याला, बंद गिरणीच्या भिंतीला टेकून
एक खोली आहे. वर पत्रा, खाली सायकलवाल्याचं दुकान.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे बसते.
समोर फॉर्म, बाजूला बर्फाचा डबा,
आणि वापरलेल्या सुयांसाठी एक जाड बरणी,
जिचं झाकण एकदा लागलं की उघडत नाही.

जूनमधलं ग्वाल्हेर. बर्फ अकरापर्यंत टिकतो.
अकरानंतर नमुन्यांतलं रक्त
माझ्यासारखंच घायकुतीला येतं.

फॉर्म दिल्लीहून आला, बत्तीस प्रश्नांचा.
चौदावा असा: मागच्या तीस दिवसांत
दुसऱ्या कोणाची सुई वापरली का?
मी विचारते हिंदीत, ऐकते मराठीत,
लष्करातल्या आमच्या घराला ही सवय चार पिढ्यांची.

पहिल्या महिन्यात एकसष्ट जणांना विचारलं.
त्रेपन्न म्हणाले, नाही.
रक्त मात्र वेगळंच बोललं,
कावीळ सी, चौतिसांना.
डॉक्टर खासगीवाले आकडे बघून म्हणाले,
खोटं बोलतायत.
मीही मान हलवली. मग चहा आला.

पुढच्या मंगळवारी हरगोविंद आला
आणि त्याचा धाकटा, पप्पन.
बाप याच गिरणीत तीस वर्षं सूत भरायचा.
हरगोविंदला चौदावा विचारला.
छे, दीदी. दुसऱ्याची कशाला?
मग तुझ्या दंडावरची खूण आणि याच्या दंडावरची
एकाच दिवसाची कशी?
तो हसला, लहान पोराला समजवावं तसा:
ये दूसरा थोड़ी है. अपना है.

आपला.
मी पेन खाली ठेवलं.

आई कैरीची फोड आधी स्वतः चावून बघायची
आणि उरलेली माझ्या हातावर ठेवायची.
पंगतीत शेजारणीच्या वाटीला माझं बोट लागलं तर
तिचेच डोळे मोठे व्हायचे. उष्टं!
पण तिच्या ताटातलं मी, माझ्या ताटातलं ती,
त्याला आमच्याकडे शब्दच नव्हता.
आपल्या माणसाचं उष्टं होत नाही.
कागदाला हे माहीत नव्हतं, ठीक आहे.
मला होतं.

त्या रात्री त्रेपन्न फॉर्म पुन्हा काढले.
खोटं त्यांत कुणीच बोललं नव्हतं.

चौदावा मोडला. भावाची? बायकोची?
ज्याच्याबरोबर जेवता, त्याची?
उष्टी हा शब्द घालावा का, यावर वाद झाला.
नवल कुशवाह नऊ वर्षं टोचत होता,
आता आमच्यासाठी सुया वाटतो. तो म्हणाला, नको.
लाज वाटली की माणूस येत नाही,
आणि जो येत नाही, तो नाल्यापाशी सापडतो.
मग त्यानेच बायकोच्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या.
ज्याच्या त्याच्या दट्ट्यावर ज्याचा त्याचा ठिपका.
अंधारात काय दिसणार, मी म्हटलं.
दिसत नाही दीदी, लागतो. बोटाला लागतो.
एकाला एक द्या, एकाला दोन.

हरगोविंदने हिरवा घेतला, एक ठिपका.
पप्पनसाठी मी लाल उघडला, दोन.
तो म्हणाला, मला भाईवाला द्या.
अरे, वेगळा हवा, म्हणूनच तर हे सगळं.
त्याने हात मागे घेतला,
जणू कोणी त्याचं अंथरूण
ओसरीवर नेऊन घातलं.
खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता.
बराच वेळ भरत होता.

हरगोविंद जिन्यावरून परत आला.
काही बोलला नाही. आपली हिरवी धाकट्याच्या हातात दिली,
माझ्याकडून लाल घेतली,
प्रकाशात धरून दोन्ही ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

रजिस्टरमध्ये नावं नसतात, नंबर असतात.
एकशे सतरा आणि एकशे अठरा:
रंग खोडले, उलटे लिहिले, बाजूला सही केली.
खाडाखोडीचं कारण द्यावं लागतं.
तो रकाना मी अजून भरलेला नाही.